हिंजवडी : दिवेलागणीच्या वेळेचा इतिहास

हिंजवडी हे पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या पूर्व सीमेवरचे गाव. एका अंगाला वाकड, दुसऱ्या अंगाला माण, उत्तरेस मारुंजी आणि खाली मुळा नदीचे खोरे. आज हे नाव घेतले की राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान, काचेच्या इमारती आणि संध्याकाळी खोळंबलेली वाहनांची रांग डोळ्यांसमोर येते. ही ओळख जेमतेम पंचवीस-तीस वर्षांची आहे. त्याआधी हे शेती करणारे गाव होते आणि दिवसाचा क्रम गावच ठरवत असे. कामाला कधी लागायचे, कधी थांबायचे आणि एकत्र कधी बसायचे, या तीन गोष्टी कोणाच्या हाती आहेत यावर वस्तीचे जगणे बरेचसे ठरते. हिंजवडीत या तिन्हींची सूत्रे हलली आणि सर्वांत जास्त ओढाताण झाली ती दिवेलागणीच्या वेळेची.

शेतीच्या गावांत दिवेलागण ही कामाची हद्द होती. गुरे गोठ्यात आली, देवळात आणि उंबऱ्याशी दिवा लागला की शिवारातले काम संपे. जेवणे उरकून माणसे पारावर किंवा देवळाच्या ओट्यावर येत. तिथे भजन होई, पोथी वाचली जाई. पण त्याच बैठकीत पाण्याची पाळी ठरे, बांधाचा तंटा मिटे, यात्रेची वर्गणी लागे. करमणूक आणि कारभार यांच्यात भिंत नव्हती. या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्या मर्यादा झाकता येत नाहीत. बायका त्या वेळी चुलीपाशी असत आणि ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते त्यांना ओट्यावर जागा नव्हती. तरीही गावाची संध्याकाळ बाहेरच्या कोणी ठरवलेली नव्हती, एवढे निश्चित.

या सामूहिक वेळेचा ठळक अवशेष हिंजवडीत अजून टिकून आहे. म्हातोबा हे हिंजवडी आणि वाकड या दोन्ही गावांचे दैवत. चैत्र पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या दिवशी, त्याची यात्रा भरते आणि बगाड निघते. बगाडासाठीचे लाकूड मुळशीच्या रानातून विधिपूर्वक आणले जाते. ते उभे करून गाड्यावर चढवले जाते, बैल जुंपले जातात, आणि ठरलेल्या मानकऱ्यांमधून निवडलेला गळकरी बगाडावर चढतो. मिरवणूक हिंजवडीहून वाकडकडे जाते. लाकूड कोणी आणायचे, दोर कोणी धरायचा, बैल कोणाचे, गळकरी कोण, हे सगळे मान घराण्यांमध्ये वाटलेले असतात. ज्या रस्त्यावरून एरवी कंपन्यांच्या बसगाड्या धावतात, त्यावर त्या दिवशी गुलाल उधळतो आणि ‘म्हातोबाच्या नावानं चांगभलं’चा गजर होतो. जमिनी गेल्या, घरांच्या जागी इमारती आल्या, तरी वर्षातला हा एक दिवस गावाने सोडला नाही. यात्रेचा दिवस पंचांगाने ठरतो, कोणाच्या सोयीने नाही, आणि तिच्या टिकण्याचे बळही त्यातच आहे.

यंत्रयुगाशी मुळशी तालुक्याची पहिली गाठ पडली ती संघर्षातून. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने मुळशीत धरण बांधायला घेतले, तेव्हा बुडणाऱ्या गावांतील मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे नेते. लढा १९२४पर्यंत रेटला गेला. धरण मात्र झाले. वीज दूरच्या शहराला आणि पाण्याखालची जमीन इथल्या कुळांची, हा हिशेब तालुक्याच्या आठवणीत राहिला. पुढे हिंजवडी आणि माणमध्ये जमीन संपादनाचा प्रश्न आला, तेव्हा तो कोऱ्या पाटीवर आला नव्हता.

यंत्र गावात नेहमी असेच आले असे मात्र नाही. पुणे परिसराच्या इतिहासात एक वेगळा प्रयोग आहे आणि त्याची आठवण आज फार थोड्यांना आहे. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले. तीन वर्षांनी, फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात, आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत शेतकरी रेडिओ मंडळे चालवून पाहिली. कल्पना कॅनडातून आली होती. तिथे १९४१पासून अशी मंडळे होती. इथे दीडशे गावे निवडली गेली. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचे मंडळ, त्याचा एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. मंडळी जमून कार्यक्रम ऐकत आणि रेडिओ बंद झाला की ऐकलेल्या विषयावर बोलत. निमंत्रक चर्चेची नोंद आणि प्रश्न पुणे केंद्राला पाठवी. त्यांतील काहींची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात दिली जात.

प्रयोगाची पाहणी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने केली. या पाहणीचे काम सांभाळणारे पॉल न्यूराथ आणि आकाशवाणीचे महासंचालक ज. च. माथुर यांचा अहवाल युनेस्कोने १९५९मध्ये प्रसिद्ध केला. पाहणीची रचना चोख होती. मंडळ असलेली वीस गावे घेतली, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी दहा घेतली आणि रेडिओच नाही अशी आणखी दहा. मंडळांच्या गावांत लोकांच्या माहितीत मोठी भर पडलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती अगदी थोडी होती आणि रेडिओ नसलेल्या गावांत जवळजवळ नव्हतीच. काही मंडळांनी चर्चेवर न थांबता विहीर खोदणे, जातिवंत वळू विकत घेणे, बालवाडी सुरू करणे असे निर्णय घेतले. रेडिओ होता तिथे पेटी एकच होती. फरक पडला तो ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि ऐकल्यानंतरचे बोलणे यांमुळे. तंत्रज्ञान आणि समाज यांच्या नात्याबद्दल महाराष्ट्राच्या मातीत इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळाला असेल. १९५९पासून ही मंडळे देशभर पसरवण्यात आली. पुढे घरोघरी ट्रान्झिस्टर आला, ऐकणे एकट्याचे झाले आणि मंडळे मागे पडली.

दरम्यान हिंजवडीच्या शेजारी वेगळेच घड्याळ सुरू झाले होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, १९६२ साली स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवड कारखान्यांनी भरून गेले. आसपासच्या गावांतील पोरे टेल्को, बजाजमध्ये लागली. कारखान्याची वेळ भोंग्याने ठरे. तो भोंगा कठोर होता, पण कामावर बोलावणाराही तोच आणि सुटी झाल्याचे सांगणाराही तोच. १९४८च्या कारखाना अधिनियमाने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. तिच्यामागे कामगार संघटना उभ्या होत्या. पाळी संपली की कामगार घरी यंत्र घेऊन येत नसे.

संगणक पुण्यात आला तो संशोधन आणि निर्यात अशा दोन वाटांनी. सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेची स्थापना १९८८ची आणि तिथला ‘परम ८०००’ हा महासंगणक १९९१चा. सॉफ्टवेअर निर्यातीसाठी केंद्र सरकारने उभारलेल्या पहिल्या तंत्रज्ञान उद्यानांत पुण्याचा समावेश होता. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात एमआयडीसीने हिंजवडीत माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारायला घेतले. इन्फोसिस आली, मागोमाग विप्रो, कॉग्निझंट, टीसीएस, टेक महिंद्रा. पहिल्या टप्प्यानंतर दुसरा, मग माणकडे तिसरा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२मध्ये पूर्ण झाला आणि शहराबाहेरचे हे गाव एकदम मोक्याचे ठरले. पुढच्या टप्प्यासाठी जमीन देण्यास माणच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ज्यांनी मोबदला घेतला त्यांच्यातील अनेकांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या, गाड्या कंपन्यांना लावल्या, खाणावळी आणि पीजी काढले. काहींनी पैसा राखला, काहींचा हातातून निसटला.

नव्या धंद्याचे घड्याळ गावाच्या किंवा कारखान्याच्या घड्याळासारखे नव्हते. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा हिंजवडीत उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. कॅलिफोर्नियात नऊ वाजतात तेव्हा इथे रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. म्हणजे ग्राहकाचा दिवस उगवतो तो नेमका इथल्या दिवेलागणीला. दिवसभराचे काम संपवलेल्या माणसाला त्याच वेळी कॉलवर बसावे लागते. कॉल सेंटरवाले तर रात्रभर जागत. इथे भोंगा नव्हता. ‘लॉगिन’ची नोंद होई आणि उशीर झाला तर जाब विचारला जाई, पण काम संपल्याचे जाहीर करणारे काहीच नव्हते. ब्लॅकबेरी आणि नंतर स्मार्टफोन आल्यावर तर कचेरी खिशातूनच घरी येऊ लागली. हा बदल कोणा एकाने ठरवून लादला नाही. करारांतील वेळा, बढतीची स्पर्धा आणि नकार देण्याची भीती यांतून तो साचत गेला आणि म्हणून त्याला विरोध करायला समोर कोणी सापडेना.

हिंजवडीची वस्तीही एकसंध राहिली नाही. गावठाण, भाडेकरूंच्या चाळवजा इमारती, ब्लू रिज आणि मेगापोलिससारखे मोठे गृहप्रकल्प, आणि मधोमध एमआयडीसीची हद्द. कारभार ग्रामपंचायतीचा, उद्यानातील रस्ते एमआयडीसीचे, नियोजन २०१५नंतर पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे, म्हणजे पीएमआरडीएचे, पोलीस २०१८पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे. लाखो माणसे रोज इथे येतात, हजारो राहतात, पण त्यांतील बहुतेकांचे मतदान दुसरीकडे. ग्रामसभेला ते जात नाहीत आणि ग्रामसभाही त्यांना ओळखत नाही. नव्या रहिवाशांची गावकी उभी राहिली ती सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या रूपात. वार्षिक सभा, चेअरमन-सेक्रेटरी, गणपतीची वर्गणी, पाण्याच्या टँकरचा हिशेब. पारावरचे विषय इथे व्हॉट्सअ‍ॅप गटावर आले. गट उपयोगी पडतो यात शंका नाही. पाणी नसल्याचा निरोप क्षणात पोहोचतो, रात्री रक्त लागले तर दाता मिळतो. पण भांडण मिटवायला समोरासमोर बसावे लागते, ते गटावर होत नाही आणि तंटा वाढत जातो.

याच काळात महाराष्ट्राच्या दक्षिण भागात संगणक गावात नेण्याचा निराळा प्रयत्न झाला. १९९८ साली कोल्हापूर-सांगली सीमेवरच्या वारणा सहकारी समूहात सत्तर गावांना जोडणारा प्रकल्प सुरू झाला. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या साखर कारखान्याचे सभासद शेतकरी गावातल्या केंद्रावर जात, उसाची नोंद, तोडणीची पावती, वजन आणि बिलाची माहिती तिथे मिळे. उद्दिष्टे बरीच मोठी होती. प्रत्यक्षात वापर राहिला तो मुख्यत्वे उसाच्या कामापुरता. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या अभ्यासकांनी संगणकांच्या जागी मोबाइलचे लघुसंदेश वापरून तेच काम होते का ते पाहिले आणि ते स्वस्तात झाले. वारणेची केंद्रे लोकांचे आयुष्य पालटू शकली नाहीत, पण तिथे यंत्राला ठरलेले काम होते आणि ते आधीपासून एकत्र असलेल्या सभासदांचे होते. हिंजवडीत तंत्रज्ञान बनवले जात होते; ते आपल्या वस्तीत कसे वापरावे याचा विचार करणारी सभासदांची अशी संस्था इथे नव्हती.

हिंजवडी आणि पुण्यातील संगणक अभियंत्यांनी स्वतःहून एक जुनी वाट धरली, तिची नोंद घ्यायला हवी. साधारण २००६पासून आयटी दिंडी आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर पुण्यापर्यंत चालते. या क्षेत्रातील माणसे टाळ-मृदंगाच्या तालावर दिवसभर पायी चालतात आणि नियमित वारकऱ्यांच्या पंगतीला बसतात. या एका दिवसाने वर्षभराचे वेळापत्रक बदलत नाही. तरी कामाची वेळ बाजूला ठेवून दुसऱ्यांच्या वेळेत सामील होण्याची गरज या लोकांना वाटली आणि त्यासाठी त्यांनी नवे काही शोधण्याऐवजी वारी निवडली, हे महत्त्वाचे आहे.

मार्च २०२०च्या टाळेबंदीने हिंजवडीचे रस्ते ओस पडले. तोवर कॉल सेंटरसारख्या सेवांवर दूरसंचार खात्याची बंधने होती. घरून काम करायला परवानगी आणि हमी लागे. ही बंधने आधी तात्पुरती सैल झाली आणि नोव्हेंबर २०२०मध्ये नियम कायमचे सोपे करण्यात आले. उद्यान घराघरांत शिरले. स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी लॅपटॉप, मुलांची शाळाही पडद्यावर, आणि संध्याकाळची सीमा तर पुसूनच गेली. गावोगावच्या यात्रा त्या वर्षी बंद राहिल्या. खेड्यांतही शाळेच्या निमित्ताने मुलांच्या हाती फोन आला आणि शाळा उघडल्या तरी तो सुटेना.

त्यातून जे उत्तर निघाले ते हिंजवडीत नाही, सांगली जिल्ह्यात. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव. १५ ऑगस्ट २०२२पासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत दीड तास दूरचित्रवाणी आणि मोबाइल बंद ठेवण्याचा नियम झाला. मुलांनी अभ्यासाला बसायचे, मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे. सरपंच विजय मोहिते यांनी हा विचार मांडला तेव्हा सुरुवातीला पुष्कळांनी तो हसण्यावारी नेला. गाडी पुढे सरकली ती महिलांच्या बैठकीत. मालिका आपणही फार पाहतो हे बायकांनी मोकळेपणाने मान्य केले आणि सगळ्या गावानेच बंद करायचे ठरवले. सुरुवातीला आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरून आठवण करून देत. जुन्या ओट्यावर ज्यांना जागा नव्हती त्या बायकांनीच इथे गावाची संध्याकाळ ठरवली, ही या घटनेतली सर्वांत मोलाची बाब.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी करणारा आणि मोडल्यास दोनशे रुपये दंड घेणारा ठराव केला. हेतू तोच, पण रचना वेगळी. बान्सीत नियम मुलांना होता. वडगावात तो आई-बापांनाही होता. बापाच्या हातात फोन असताना मुलाने पुस्तक धरावे ही अपेक्षा घरात कधीच पुरी होत नाही, म्हणून वडगावची रीत अधिक टिकाऊ वाटते. अहिल्यानगर जिल्ह्यातील सौंदाळा ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४मध्ये शिवीगाळीला दंड ठरवला, तेव्हा संध्याकाळी सात ते नऊ मुलांनी मोबाइल वापरू नये असेही ठरले. सीमाभागात, बेळगावजवळच्या हलगा गावीही २०२५च्या अखेरीस सात ते नऊ अशी वेळ पाळायला सुरुवात झाली.

हिंजवडीला ही रीत जशीच्या तशी लागू पडत नाही, आणि कारण इच्छाशक्तीचे नाही. वडगावात सात वाजता थांबण्याचा अधिकार गावकऱ्यांकडे होता. हिंजवडीतील अभियंत्याचे सात वाजणे ग्राहकाच्या करारात लिहिलेले असते. एकट्याने फोन बंद केला तर त्याचे काम शेजारच्या टेबलावर जाते. म्हणून इथला प्रश्न कायद्याकडे वळला. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा ठेवली. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे तास दहा करण्यास मंजुरी दिली. या तासांच्या बाहेर येणारा फोन उचलायचा की नाही, याबद्दल कायदा गप्पच आहे.

हे मौन मोडण्याचा प्रयत्न हिंजवडी ज्या मतदारसंघात येते त्याच बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी केला. डिसेंबर २०१८मध्ये त्यांनी लोकसभेत एक खासगी विधेयक मांडले. दहापेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीने कामाच्या वेळेबाहेरच्या संपर्काच्या अटी कर्मचाऱ्यांशी बोलून ठरवाव्यात, वेळेबाहेर उत्तर न देणाऱ्यावर कारवाई करू नये, आणि नियम मोडणाऱ्या कंपनीला एकूण वेतनाच्या एक टक्का दंड व्हावा, अशा त्याच्या तरतुदी होत्या. फ्रान्समध्ये पन्नासपेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना अशी बोलणी १ जानेवारी २०१७पासून बंधनकारक झाली होती; ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४मध्ये वेळेबाहेर उत्तर न देण्याचा हक्क दिला. भारतात खासगी विधेयकाचा कायदा होणे दुर्मिळ आहे, १९७०नंतर असे एकदाही घडलेले नाही. सुळे यांनी डिसेंबर २०२५मध्ये ते विधेयक पुन्हा सादर केले. त्यातील मूळ तरतूद, म्हणजे संपर्काच्या वेळा कंपनी आणि कर्मचारी यांनी समोरासमोर बसून ठरवाव्यात, ही कायद्याची वाट न पाहता कोणत्याही कचेरीला अमलात आणता येते. गृहनिर्माण संस्थांच्या सभांनाही आपल्या आवारापुरता वडगावसारखा ठराव करण्यास कोणाची हरकत नाही.